पान नाही, तरी सर्व्हर ‘ओके’ म्हणतो

प्रश्न : माझ्या साइटवरचे सगळे लेख एकाच पीएचपी स्क्रिप्टमधून दिसतात, पत्त्यात लेखाचा नंबर असतो आणि त्यावरून डेटाबेसमधून लेख काढतो. नसलेला नंबर टाकला की ‘हा लेख सापडला नाही’ असं पान येतं. पण गूगल सर्च कन्सोल अशा बऱ्याच पत्त्यांना ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतंय (४०४ म्हणजे ‘पान सापडलं नाही’ सांगणारा सर्व्हरचा आकडा). एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचे या वेब सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लावलेलं एरर पानही येत नाही, आणि हेडर (मजकुराआधी जाणारी माहिती, हा आकडाही त्यातच असतो) पाठवायला गेलो तर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी वॉर्निंग. काय चुकतंय?

उत्तर : तुमचं पान माणसाला सांगतंय की लेख नाही, आणि सर्व्हर त्याच वेळी ब्राउझरला सांगतोय की सगळं ठीक आहे. एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा नाहीतर कर्ल या कमांडने त्या पत्त्याचे हेडर मागवा, उत्तराचा आकडा ‘२००’, म्हणजे ‘ओके’, दिसेल. गूगलचा बॉट (साइटची पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) आधी तो आकडा बघतो, २०० मिळाला म्हणजे पान आहे असं धरतो, मग आतला मजकूर वाचून त्याला शंका येते, म्हणून ते ‘सॉफ्ट’ ४०४.

एचटीअ‍ॅक्सेसमधलं पान येत नाही कारण अपाचेच्या दृष्टीने काही हरवलेलंच नाही. त्याने स्क्रिप्ट शोधली, ती सापडली, त्याने ती चालवली, त्याचं काम संपलं. लेख नाहीये हे फक्त तुमच्या स्क्रिप्टला माहितीये, त्यामुळे ते तिनेच सांगायला हवं. क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून, ओळ आली नाही की लगेच ‘एचटीटीपी रिस्पॉन्स कोड’ हे फंक्शन (शब्दांमध्ये अंडरस्कोर) ४०४ आकडा देऊन कॉल करायचं, पीएचपी ५.४ पासून ते आहे. मग एरर पानाची फाइल इन्क्लूड करायची आणि एक्झिट. एक्झिट विसरू नका, नाहीतर खालचा कोड चालत राहतो आणि रिकाम्या लेखाचा सांगाडा त्याच पानाला चिकटतो.

रीडायरेक्ट मात्र अजिबात करू नका. एरर पानाकडे पाठवलं की ब्राउझरला आधी ३०२ (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’) मिळतो, मग त्या दुसऱ्या पत्त्यावर २००, म्हणजे ४०४ कुठेच नाही आणि मूळ पत्ताही वरच्या पट्टीतून गेला, वाचणाऱ्याला आपण काय चुकीचं टाइप केलं तेही बघता येत नाही. होम पेजवर ढकलणं तर त्याहून वाईट वाटतं मला, माणूस एक विशिष्ट गोष्ट शोधत आलेला असतो. एचटीअ‍ॅक्सेसमध्येही एरर पानाचा पत्ता एचटीटीपीपासून पूर्ण लिहिलात तर अपाचे रीडायरेक्टच करतो, तिथे स्लॅशने सुरू होणारा साधा पाथ द्या.

आता वॉर्निंग. हेडर नेहमी मजकुराच्या आधी जातात, एक स्पेस जरी बाहेर पडली की गाडी सुटली. तुम्ही बहुतेक साइटचा वरचा भाग आधी छापताय आणि लेख नंतर शोधताय, ते उलटं करा, आधी शोधा, निकाल लागला की मग छापायला घ्या. वॉर्निंग नीट वाचा, ‘आउटपुट स्टार्टेड अ‍ॅट’च्या पुढे फाइलचं नाव आणि ओळ नंबर असतो, आउटपुट तिथूनच गळलेलं असतं. तिथे ओळ १ लिहिलेली असेल आणि काहीच दिसत नसेल तर फाइलच्या सुरुवातीला बॉम, म्हणजे यूटीएफ-८ चे ३ न दिसणारे बाइट असू शकतात, एडिटरमधून ‘विदाउट बॉम’ सेव्ह करा. आणि तुमच्या मशीनवर सगळं चालतं पण सर्व्हरवर वॉर्निंग येते असं असेल तर आउटपुट बफरिंगची (मजकूर लगेच न पाठवता साठवून ठेवण्याची) सेटिंग तपासा, एका ठिकाणी चालू आणि दुसऱ्या ठिकाणी बंद असते, पण बफरिंग चालू करून चूक झाकण्यापेक्षा क्रम बदललेला बरा.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नाहीये पण मला स्वतःला ते महागात पडलंय. ‘लेख नाही’ आणि ‘लेख शोधता आला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या एका साइटचा डेटाबेस रात्री बंद पडला, क्वेरी फसली, स्क्रिप्टने त्याचा अर्थ ‘ओळ नाही’ असा लावला आणि जिवंत असलेल्या प्रत्येक पानावर ४०४ द्यायला लागली, सकाळपर्यंत बॉट येऊन गेलेला. डेटाबेस चालत नसेल तर ५०३ द्या, म्हणजे ‘थोड्या वेळाने या’. आणि लेख तुम्ही स्वतःच कायमचा काढला असेल तर ४१० जास्त अचूक.

नंबरही तपासून घ्या. ‘१२एबीसी’ असं आलं तर पीएचपीत इंट (पूर्णांक) करून सरळ १२ होतं, १२ नंबरचा लेख २०० देऊन उघडतो, आणि एकाच लेखाचे शंभर पत्ते तयार होतात. आकड्यांशिवाय दुसरं काही असेल तर तिथेच ४०४. एरर पानावर मागितलेला पत्ता दाखवायचा असेल तर तो एचटीएमएलस्पेशलचार्स फंक्शनमधून काढूनच छापा, नाहीतर कोणीही पत्त्यातून स्क्रिप्ट घुसवेल. त्या पानाच्या सीएसएसच्या लिंक स्लॅशने सुरू करा, नाहीतर आतल्या फोल्डरच्या पत्त्यावर सजावट न लागता पान उघडं पडतं.

एवढं झालं की परत कर्लने तपासा, एक चालू लेख, एक नसलेला नंबर आणि एक वेडावाकडा. पहिल्याला २०० आणि बाकी दोघांना ४०४ आलं की सर्च कन्सोलमध्ये जाऊन ‘व्हॅलिडेट फिक्स’ दाबा.