हिवाळ्यात सात कथा झाल्या, एप्रिलपासून एक ओळ नाही, म्हणजे संपलं का?

ताई, नाही संपलं. अमळनेरला शाळा सांभाळून डिसेंबर-जानेवारीत अहिराणीत सात कथा लिहिल्यात, आणि आता रोज रात्री तासभर वही उघडून बसताय तरी काही नाही, वर दिवाळी अंकाला नवी कथा कबूल केलीय म्हणून पोटात गोळा. बरेच जण सांगतील की रोज बसा, आपोआप येईल. मला ते अर्धंच पटतं.

आधी साधी गोष्ट बघा, मे महिना आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास, रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या तरी मध्यरात्रीपर्यंत वारा नाही, त्यात लाइट जाते. गाढ झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, अशा रात्री ते नीट उतरत नाही, मग माणूस सकाळी उठतो तोच दमलेला. त्यावर दिवसभर स्वयंपाक, पाहुणे, लग्नं, आणि रात्री दहाला तुम्ही डोक्याला म्हणताय आता कथा सुचव. कसं सुचवेल बिचारं? पुढचे पंधरा दिवस रात्रीचं बसणं बंद करा, पहाटे हवा जरा बरी असते तेव्हा अर्धा तास बघा. नाही जमलं तर ते पण सोडा.

आता मुख्य मुद्दा. आटलेल्या दिवसांत फार नुकसान होत नाही हो, नुकसान होतं ते भरात असताना. मी साक्रीकडचा, आमच्या पांझरा नदीवर पाणी वाटून घ्यायची जुनी फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षांपासूनची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पण कुठल्या फडात काय लावायचं, उसाला किती आणि भुसारला (धान्याला) किती, कोणता फड पडीक ठेवायचा, हे त्या वर्षी पाणी किती आहे ते बघून ठरायचं. आधी पाणी, मग पीक. पडीक फड बघून कोणी रडत नव्हतं की जमीन मेली, त्याची पाळी पुढे यायची. आपण लिहिणारे नेमकं उलटं करतो. जानेवारीत पाट भरून वाहतोय म्हणून वर्षभराचा ऊस लावून मोकळे, म्हणजे या अंकाला कथा, त्या संमेलनाला कविता, शिवाय एक कादंबरी सुरू, आणि मग उन्हाळ्यात ओरडतो. तुम्हाला सुचत नाहीये हा त्रास कमी आहे, जानेवारीतल्या ताईनं मे मधल्या ताईच्या नावावर उधारी करून ठेवलीय हा जास्त. म्हणून भरात असताना कोणालाच तारखेचा शब्द द्यायचा नाही. "बघून सांगतो" म्हणायचं आणि आठवड्यानं सांगायचं, एवढा नियम मी तरी पाळतो.

आणि भर असतानाच एक काम करून ठेवायचं: कथा सगळी उपसून उठायचं नाही. पुढचा प्रसंग कोणता, कोण काय बोलणार, हे दोन ओळीत खरडून उठायचं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसायची वेळच येत नाही.

मग सुकलेल्या दिवसांत काय करायचं? लेखनातली निम्मी कामं अशी असतात की त्यांना सुचावं लागत नाही. सात कथा टाइप झाल्यात का? अहिराणीत एकच शब्द आपण तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहितो, तुमची स्वतःची एक यादी करा आणि साती कथा त्याप्रमाणे सारख्या करा, डोकं अर्धं झोपलेलं असलं तरी होतं हे काम. मोठ्यानं वाचा, अडखळाल तिथे पेन्सिलीनं खूण करा, दुरुस्ती नंतर. आणि हे दिवस तर ऐकायचे आहेत! आत्ताच आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, लेकी माहेरी आल्या, झोके, गाणी, लग्नघरात बायकांच्या गप्पा. फोनवर रेकॉर्ड करून घ्या (विचारून हां). बहिणाबाईंचं उदाहरण लोक "बघा, आपोआप सुचतं" म्हणून देतात. अहो, त्या जात्यावर, शेतात, रोजच्या राबण्यातच रचत होत्या, लिहिता येत नव्हतं, आणि मुलगा सोपानदेवांनी व घरातल्यांनी जेवढं टिपून घेतलं तेवढंच आपल्याला मिळालं, बाकी कितीतरी गेलं. सुचणं वेगळं आणि टिपून ठेवणं वेगळं, टिपायला भर लागत नाही.

माध्यम बदलूनही बघा. चाळीसगावला केकी मूस यांचं कलादालन आहे, नसेल पाहिलं तर एकदा जा. फोटोग्राफी, चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्या, एकाच माणसाचं काम आहे हे खरं वाटत नाही. तुम्ही गोधडी शिवा, रांगोळी काढा, काहीही, फक्त त्याचं रील टाकायचं म्हणून करू नका.

दोन गोष्टी मात्र "चढउतार असतातच" म्हणून सोडून द्यायच्या नाहीत. लिहिणंच नाही तर जेवण, माणसं, आवडीचं काहीच नको वाटतंय आणि हे दोन आठवड्यांच्या वर रोज चाललंय, तर डॉक्टरांना दाखवा. आणि उलटं पण, भराच्या दिवसांत झोप दोन-तीन तासांवर येऊनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातायत, तर ती नुसती प्रतिभा समजू नका, ते पण दाखवायचं असतं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

राहिली दिवाळी अंकाची गोष्ट. संपादकांना आजच फोन करा, ऑगस्टमधे करू नका. सांगा की नवी कथा होईल असं वाटत नाही, पण हिवाळ्यातल्या सातपैकी जी कुठे छापली नाही ती देते. त्यांना पानं भरायची असतात, कथा कोणत्या महिन्यात लिहिली ते कोणी विचारत नाही. आणि जूनमधे शाळा उघडतेय, प्रवेश, पुस्तकवाटप, तेव्हाही लिहिणं होणार नाही असंच धरून चाला. त्या सातपैकी कोणती द्यावी हे ठरत नसेल तर दोन मला पाठवा, वाचून सांगतो.