ठिपके समुद्रात पडताहेत? फाइलमधले अक्षांश-रेखांश आजचेच आहेत का, ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. तुम्ही एका पोर्टलवरून जीवाश्मस्थळांची यादी उतरवली, जीप्लेट्समध्ये (खंडांच्या प्लेटा काळात मागे सरकवून जुनी पृथ्वी दाखवणारा प्रोग्राम) चढवली, स्लायडर 10 कोटी वर्षं मागे नेला आणि निम्मे ठिपके भर समुद्रात. वरच्या उत्तरांत दोघांनी अक्षांश-रेखांशाची अदलाबदल सुचवली आहे. ती असती तर ठिपके सगळ्या गोलावर उधळले असते. तुमच्या चित्रात एकेका प्लेटवरचे ठिपके आपसातलं अंतर राखून, घोळक्यानं सरकलेत. म्हणजे घोळ फिरवण्यात, म्हणजे ठिपके प्लेटेसोबत मागे नेण्यात आहे.

माझा अंदाज असा, की तुमच्या फाइलमधली ठिकाणं आजची नाहीतच. कुणीतरी ती आधीच आपापल्या काळात नेऊन ठेवली आहेत आणि जीप्लेट्स ती पुन्हा एकदा मागे नेतंय. खात्री करायला अर्धा मिनिट लागतो. स्लायडर शून्यावर आणा. यादीत सोल्नहोफेन हे जीवाश्मस्थळ असेल तर ते जर्मनीत दिसायला हवं. नसेल दिसत, तर पुढचं वाचा. दिसत असेल तर माझं बाकीचं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

मी भूवैज्ञानिक नाही, नकाशे करते. त्यामुळे मॉडेलच्या (कोणती प्लेट कधी कुठे होती याच्या हिशोबाच्या) पोटातल्या गोष्टींवर जाणकारांनी चूक काढली तर त्यांचंच खरं माना.

फिरवलेली ठिकाणं देण्यात गैर काही नाही. पण कोणत्या मॉडेलनं फिरवली, हे सांगितलं नाही तर ती निरुपयोगी आहेत. मॉडेलची रोटेशन फाइल उघडून बघा, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत सरकणाऱ्या प्लेटचा क्रमांक, काळ, फिरण्याच्या ध्रुवाचे अक्षांश-रेखांश, कोन आणि कोणत्या प्लेटच्या तुलनेत, एवढंच असतं. भारताची प्लेट 501, आफ्रिकेची 701. ध्रुवांचे आणि कोनांचे आकडे मॉडेलगणिक बदलतात. शिवाय संदर्भ चौकट, म्हणजे जागा कशाच्या तुलनेत मोजायची ते, वेगळी. म्युलर आणि सहकाऱ्यांचं 2019चं मॉडेल प्रावरणाच्या (कवचाखालच्या थराच्या) चौकटीत आहे आणि 25 कोटी वर्षं मागे जातं. मर्डिथ आणि सहकाऱ्यांचं 2021चं पुराचुंबकीय (खडकांत टिकलेल्या जुन्या चुंबकत्वावर बेतलेल्या) चौकटीत आहे आणि 100 कोटी वर्षं मागे जातं. दोन्हीत एकाच जागेचे त्याच काळातले अक्षांश जुळतीलच असं नाही. काही काळांत फरक शेकडो किलोमीटरांचा पडतो. एकाचे ठिपके दुसऱ्याच्या किनाऱ्यांवर टाकले तर ते समुद्रात जाणारच.

आता माझी कहाणी, कारण तुमचं पोर्टल तेच असावं असा मला दाट संशय आहे. नाव घेत नाही. त्यांची फाइल दिसायला देखणी, रकाने तीनच: अक्षांश, रेखांश, वय. मॉडेलचा कुठे उल्लेख नाही. पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'डेटा तज्ज्ञांकडून तपासलेला आहे.' अहो, तपासलेला असेलच, मी विचारतेय तो फिरवला कशानं! पुन्हा लिहिलं तर एक फॉर्म आला. त्यात तुमची संस्था कोणती, मार्गदर्शक कोण, वापराचा उद्देश काय, सगळं होतं. माझी संस्था नाही, म्हणून फॉर्म परत. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी त्यांच्या नावानं विचारलं, तेव्हा कळलं की ती माहिती 'अंतर्गत दस्तऐवजात' आहे. मॉडेल स्वतः खुलं, कुणीही उतरवून घ्यावं असं. आणि त्यातलं कोणतं वापरलं हे मात्र गुपित! त्यावर कडी म्हणजे काही महिन्यांनी त्यांनी तीच फाइल त्याच नावानं गुपचूप बदलली. ना आवृत्तीचा क्रमांक, ना तारीख. माझे जुने नकाशे आणि नवे नकाशे एकमेकांशी बोलेनात आणि अख्खा हंगाम त्यात गेला. उतरवलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घालायची सवय मला तिथं लागली. तुम्हीही आजच घाला.

शेवटी मार्ग निघाला तो उलट फिरवण्याचा. जीप्लेट्स वेब सर्व्हिस (ऑनलाइन सेवा) आणि पायजीप्लेट्स (पायथनमधून वापरायचं रूप), दोन्हींत ती सोय आहे. आजची जागा पक्की माहीत असलेली चार-पाच स्थळं यादीतून निवडा, शक्यतो वेगवेगळ्या खंडांवरची. एकेक मॉडेल घेऊन ती त्यांच्या वयापासून आजच्या काळात आणा. ज्या मॉडेलनं सगळीच्या सगळी आपल्या जागी येतील, ते तुमचं मॉडेल. एखादंच आलं तर तो योगायोग समजा. मग पूर्ण यादी त्याच मॉडेलनं आजच्या काळात आणून ठेवा आणि इथून पुढे हव्या त्या मॉडेलनं मागे न्या. यात एक खोच आहे. ठिपका कोणत्या प्लेटवर आहे ते ठरवताना प्लेटांच्या हद्दींचे आजचे बहुभुज वापरू नका, ठिपका ज्या काळातला आहे त्या काळात फिरवलेले वापरा.

वयाच्या रकान्यावरही आंधळा विश्वास नको. तिथं एकच आकडा असतो, पण तो बहुधा एखाद्या कालखंडाचा मध्य असतो. आल्बियन हा क्रिटेशस काळातला टप्पा 11.3 कोटी ते 10.05 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे सव्वा कोटी वर्षांची रुंदी. क्रिटेशसच्या अखेरीस भारताची प्लेट वर्षाला साधारण 15 सेंटिमीटर वेगानं सरकत होती. वयात 50 लाख वर्षांची चूक म्हणजे जागेत 750 किलोमीटरांची. शिवाय यादी कोणत्या कालमापन तक्त्यावर बेतली आहे तेही बघा. कॅम्ब्रियनची सुरुवात जुन्या तक्त्यांत 54.1 कोटी वर्षांपूर्वी होती, 2022 पासून 53.88 कोटी.

काही ठिपके समुद्रात न पडता गायबच होत असतील तर ते वेगळं प्रकरण आहे. खंडाच्या काठावरचा ठिपका चुकून सागरी कवचाच्या बहुभुजात अडकतो आणि ते कवच तयार होण्याच्या आधीच्या काळात त्याच्यासोबत नाहीसा होतो.

आणि सगळं ठीक केल्यावर सागरी जीवाश्मांचे ठिपके जमिनीवर दिसले तर गोंधळू नका. जीप्लेट्समध्ये दिसणारे किनारे आजचे असतात, ओळख पटावी म्हणून काढलेले. 10 कोटी वर्षांपूर्वी समुद्राची पातळी बरीच वर होती, उत्तर अमेरिकेच्या मधोमध उथळ समुद्र पसरला होता. म्हणून त्या काळचे सागरी जीवाश्म आजच्या किनाऱ्यांच्या आत, जमिनीवर दिसणं हेच बरोबर. तेव्हाची जमीन-पाणी हवी असेल तर भूवैज्ञानिक स्कोटीझ यांचे पॅलिओमॅप नकाशे घ्या, पण मग ठिपकेही त्यांच्याच मॉडेलनं फिरवा.

ब्राउझरमधले गोल, 75 कोटी वर्षं मागे नेणारे वगैरे, मुलांना दाखवायला झकास आहेत. मोजमाप मात्र त्यांवरून करू नये, हे माझं ठाम मत. कुणाला राग आला तर येवो. ते ठराविक काळांचीच चित्रं दाखवतात, मधलं काही नाही. आणि 20 कोटी वर्षांपलीकडे कुठल्याही साधनात रेखांश जरा सैलच धरावेत, कारण त्याआधीचं सागरी कवच जवळजवळ सगळं पृथ्वीच्या पोटात गेलं आहे आणि पुराचुंबकत्वावरून अक्षांश कळतो, रेखांश नाही.

यादीच नव्यानं घ्यायची तयारी असेल तर पॅलिओबायोलॉजी डेटाबेस या जीवाश्मनोंदींच्या संग्रहातून घ्या. तिथं आजची जागा आणि जुनी जागा असे वेगळे रकाने मिळतात आणि मॉडेल कोणतं तेही लिहिलेलं असतं. नाहीतर तुमच्या फाइलच्या पहिल्या वीस ओळी इथं टाका, रविवारी उलट फिरवून बघते.