आमदारांचे समाजमाध्यमांवरील खाते सांभाळताना : कोल्हापुरातील नव्या सहायकास सल्ला

ही जबाबदारी तुम्ही घेतलीत, याचा आनंद वाटला. वाढदिवसांच्या शुभेच्छाफलकांचा मोह आधी टाळा. बहुतेक नवखे तिथेच अडकतात. आमदारांनी विधानसभेत कोणता प्रश्न मांडला आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले, हे लोकांना कळू द्या.

पावसाळ्यात फार जपा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ चा महापूर सोसलेली माणसे यातला प्रत्येक आकडा धास्तीने वाचतात, म्हणून जिल्हा प्रशासनाचाच आकडा, वेळेसह, टाका आणि जुने छायाचित्र कधीही वापरू नका.

टीका काढून टाकू नका, उत्तर द्या. तक्रारदाराचा मोबाइल क्रमांक मात्र उघड होऊ देऊ नका. जाहिरातींचे तंत्र पुढे पाहू.