ईसा बोलेतिनी खरंच अल्बेनियन राष्ट्रवादी होता, की सुलतानाचा माणूस?

दोन्ही होता, आणि आधी सुलतानाचा होता. कोसोवोतल्या या अल्बेनियन बंडखोर पुढाऱ्याचे पुतळे पाहून वाटतं की हा गडी जन्मापासून स्वतंत्र अल्बेनियासाठीच बंदूक घेऊन फिरत होता. तसं काही नाही.

जन्म १८६४ चा, कोसोवोतल्या मित्रोवित्साजवळच्या बोलेतिन गावातला. मुलूख ऑटोमन साम्राज्यात, पण डोंगरातल्या लोकांच्या हाती हत्यारं, कर नावापुरता आणि न्यायनिवाडा आपल्याच रूढीने. सुलतान दुसरा अब्दुल हमीद या कारभाराला हात लावत नव्हता, म्हणून सुलतान आपला. आपल्याकडच्या वतनदारासारखी ही निष्ठा. १९०२ मध्ये रशिया मित्रोवित्सात वाणिज्य वकिलात उघडायला निघाला आणि ईसा आडवा आला. रशियाला दुखवायला नको म्हणून सुलतानाने त्याला इस्तंबूलला बोलावून घेतलं. याला शिक्षा म्हणायची तर तिथे तो राजवाड्याच्या अल्बेनियन पहाऱ्यात होता!

बिघडलं ते तरुण तुर्कांच्या, म्हणजे साम्राज्यातल्या सुधारणावादी चळवळीच्या काळात. १९०९ मध्ये त्यांनी सुलतानाला पदच्युत केलं. कर, सक्तीची लष्करभरती आणि हत्यारं जमा करणं, तिन्ही गोष्टी एकदमच आल्या. १९१० मध्ये कोसोवो पेटलं. काचानिकची खिंड दुसरा एक म्होरक्या इद्रिझ सेफेरी याने लढवली, चारालेवाची ईसाने. ते बंड चिरडलं गेलं. १९१२ मध्ये मात्र बंडखोर थेट प्रांताच्या राजधानीत, स्कोप्येत शिरले आणि सरकारने त्यांच्या बहुतेक मागण्या मान्य केल्या. त्या मागण्या स्वायत्ततेच्या होत्या, स्वातंत्र्याच्या नव्हत्या. एका गटाला तर पदच्युत सुलतानच परत हवा होता, आणि ईसा त्याच गटात होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाल्कन युद्ध सुरू झालं, सर्बियाने कोसोवो घेतलं आणि ज्याच्यासाठी लढायचं ते साम्राज्यच तिथून गेलं. माझ्या मते ईसा राष्ट्रवादी झाला तो इथे. २८ नोव्हेंबर १९१२ ला व्लोरा शहरात अल्बेनियन नेते इस्माईल केमालींनी अल्बेनियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा आपली माणसं घेऊन तो त्यांच्या पाठीशी उभा राहिला. १९१३ मध्ये त्यांच्यासोबत लंडनलाही गेला; युरोपातल्या महासत्ता तिथे अल्बेनियाच्या सीमा ठरवत होत्या. तिथे ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या दाराशी एक पिस्तूल काढून ठेवल्यावर त्याने दुसरं दाखवलं, हा किस्सा तुम्ही वाचला असेल. किस्सा झकास आहे, पण मी त्याला दंतकथाच समजतो. खरी गोष्ट कडू आहे: महासत्तांनी अल्बेनिया मान्य केला आणि कोसोवोचा बहुतांश भाग सर्बियाकडेच ठेवला. म्हणजे ज्या देशासाठी तो लढला, त्या देशात त्याचं गावच नव्हतं.

१९१४ मध्ये तो महासत्तांनी अल्बेनियाच्या गादीवर बसवलेल्या जर्मन राजपुत्राच्या, विल्हेल्म ऑफ वीडच्या बाजूने लढला. समोर कोण, तर सुलतानाच्या नावाने उठलेले अल्बेनियन शेतकरी! त्याची काही वर्षांपूर्वीची बाजू आता ते मांडत होते.

२३ जानेवारी १९१६ ला माँटेनेग्रोतल्या पॉडगोरित्सात तो मारला गेला. सोबत मुलं आणि पुतणेही गेले. नेमकं काय घडलं यावर अजून वाद आहे. त्याच्या अस्थी २०१५ मध्ये बोलेतिनला नेऊन पुरल्या. हा भाग सर्बबहुल उत्तर कोसोवोतला, त्यामुळे तो दफनविधी नुसता घरच्यांचा कार्यक्रम राहिला नाही.