ब्लूबेरी लावताय? आधी मुळांकडे बघा

पहिल्यांदाच बेरी लावताय हे वाचून खरंच छान वाटलं. मातीत मिसळायची उपयोगी जिवाणू-बुरशीची पाकिटं कुठली घ्यावी विचारलंत, पण ती खरेदी आत्ता राहू द्या, आधी घर, म्हणजे माती, नीट करा म्हणजे त्यात राहणारे जिवाणू-बुरशी टिकतील.

ब्लूबेरीचं रोप कुंडीतून हळूच काढून मुळं बघा, टोकाची तर केसाहून बारीक, आणि बाकी झाडांसारखे मूलरोम (मुळांवरचे पाणी-अन्न शोषणारे बारीक केस) त्यांना नसतातच. ते काम एक खास बुरशी करते, मुळाच्या बाहेरच्या पेशींत शिरून वेटोळं करून राहते आणि कुजलेल्या पाल्यात अडकलेला नायट्रोजन झाडाला काढून देते, म्हणून तर हे झाड आम्ल, निकस मातीतही तग धरतं. स्ट्रॉबेरीची जोडीदार बुरशी वेगळी, एकीचं कल्चर (पाकिटात मिळणारी वाढवलेली बुरशी) दुसरीला चालत नाही.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- ब्लूबेरीला मातीचा पीएच (आम्लतेचं माप) ४.५ ते ५.५. मोजूनच बघा, अंदाज नको.
- खत बेताचं. मारा केला की मुळांतली बुरशी कमी होते.
- बुरशीनाशक 'असू दे म्हणून' मातीत ओतू नका, सगळ्यात जास्त हीच चूक बघितलीय मी.
- पाणी साचू देऊ नका, पण मुळं वरच्या थरातच असतात म्हणून सालींचं आच्छादन हवंच.

पानांवर, खोडाच्या आतही जिवाणू असतातच, बहुतेक निरुपद्रवी, त्यामुळे दिसला डाग की मार फवारा असं करू नका. त्यांचं सविस्तर नंतर बोलू. आणि पहिल्या वर्षी फुलं खुडून टाका, जीवावर येतं माहितीय, पण मुळं धरायला वेळ मिळतो.