काम सुपरवायझरचं, स्लिपवर हेल्पर

प्रश्न : मी बेळगावजवळच्या मच्छेची. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, ७ वर्षं झाली. हायड्रॉलिकचे पार्ट बनतात आमच्याकडे. सकाळी प्रत्येक मशीनचा फर्स्ट पीस मीच तपासते, मी ओके म्हटल्याशिवाय लॉट चालू होत नाही, कस्टमरचं ऑडिट आलं की फायली पण मीच काढून द्यायच्या. हातात १४ हजार येतात. मागच्या वर्षी इचलकरंजीकडचा एक मुलगा घेतला, बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) कसा धरायचा इथपासून त्याला मी शिकवलं, त्याला १९ देतात आणि आता सुपरवायझर पण त्यालाच केलं. विचारलं तर मालक म्हणाले तुला कन्नड लिहायला येत नाही, लेबर लोकांना सांभाळायला कन्नड पाहिजे. अहो त्याला तर बोलायला पण येत नाही! घरी सांगितलं तर मिस्टर म्हणतात, कशाला टेन्शन घेऊलालीस, जवळ आहे, टायमावर सुटतेस. सोडू की गप्प बसू?
— एक वाचक, मच्छे

उत्तर : ताई, इतक्यात सोडू पण नका आणि गप्प तर अजिबात बसू नका.

कन्नडचं कारण तुम्ही स्वतःच खोडून काढलंयत. तरी मालकांशी त्यावर वाद घालू नका, आपल्या भागात भाषेवर बोलणं सुरू झालं की चहा संपेपर्यंत गाडी १९५६ च्या सीमाप्रश्नावर जाऊन पोचते आणि पगाराचं तसंच राहतं.

आधी पगाराची स्लिप काढा आणि पदाच्या जागी काय लिहिलंय ते बघा. हेल्पर, ट्रेनी असलं काही असेल तर खरी मेख तिथं आहे, कारण किमान वेतन अनस्किल्ड, सेमीस्किल्ड, स्किल्ड असं कामाच्या दर्जावर ठरतं आणि कागदावर तुम्ही हेल्पर असाल तर फर्स्ट पीस ओके करणारी बाई कागदावर नाहीच. दुसरं, दर एप्रिलला तुमचे चार-पाचशे वाढत असतील आणि त्याला इन्क्रिमेंट म्हणत असतील तर नीट तपासा. कर्नाटकात किमान वेतनातला महागाई भत्ता दर १ एप्रिलला बदलतो, तो सरकारी आदेशानं द्यावाच लागतो. पुष्कळ ठिकाणी तीच रक्कम हातावर ठेवून वर "यंदा पण वाढवलं बघ" म्हणतात. बोनसचं पण तसंच, कमीत कमी ८.३३ टक्के ही कायद्याची गोष्ट आहे. दिवाळीला त्याच्यासोबत कुंद्याचा बॉक्स येतो तेवढाच काय तो मालकांच्या मनाचा मोठेपणा.

आता एक वही घाला. रोज लिहायची गरज नाही, पण तुमच्यामुळं जे वाचलं ते लिहायचं : अमुक तारखेला बोअर (पार्टचं भोक) २० मायक्रॉननं मोठा आला, मशीन थांबवली, लॉट वाचला. अमुक ऑडिटला तमुक फायली मी दाखवल्या, एकही चूक निघाली नाही. नव्या मुलाला कुठली इन्स्ट्रुमेंट्स शिकवली. पुण्याच्या कस्टमरकडनं लॉट परत आला तर टेम्पोभाडं, रीवर्क, वरनं डेबिट नोट (कस्टमरनं बिलातनं कापलेले पैसे), हा हिशोब मालकांना तोंडपाठ असतो, तुम्ही फक्त त्याच्यापुढं आपलं नाव लिहायचं. दोन-तीन महिन्यांची वही झाली की वेळ मागून घ्या, डिस्पॅचच्या गडबडीत उभ्या-उभ्या नको, आणि एप्रिलच्या आधी, कारण एकदा आकडे ठरल्यावर कोण बदलत नाही.

बोलताना पोरांची फी, घराचा हप्ता काढू नका. तसं बोललं की ते हजाराची उचल देतात आणि विषय मिटतो. "सर, कायतरी बघा की" हे पण नको. सरळ आकडा सांगा : तो जे काम करतो ते मी करते, मला १९ पाहिजेत आणि क्वालिटी सुपरवायझर असं लेटर पाहिजे. मग गप्प बसा. ही गप्प बसायची वेळ लई जड जाते, आपल्या बायकांना तर जास्तच, मधेच आपण म्हणतो "नाहीतर १६ केले तरी चालेल". ते म्हणायचं नाही. "तू तर घरच्यासारखी" असं आलं तर हसा आणि आकडा परत सांगा. बोलणं झालं की त्याच दिवशी तेच दोन ओळींत व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर टाका, तारीख राहते.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. सारख्या कामाला बाई म्हणून कमी पगार देता येत नाही, हे १९७६ पासून आहे आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत पण आहे. कामगार खात्याकडं लेखी तक्रार करता येते. पण प्रमोशन कायद्यानं मिळवणं अवघड, आणि तक्रार केल्यावर त्याच शॉपमध्ये रोज उभं राहायचंय, म्हणून ते शेवटी ठेवा असं माझं मत. पगाराचा फरक मात्र सोडू नका.

सोबत बाहेर बघत राहा, होनगा, नावगे, मच्छेत पण युनिट आहेत, ड्रॉइंग वाचून गेज धरणारं माणूस सगळ्यांनाच पाहिजे असतं. फक्त कुणाजवळ बोलू नका, उद्यमबागेत सकाळी इंटरव्ह्यू दिला की दुपारच्या चहाला मालकांना कळतं. सोडलंच तर ग्रॅच्युइटी मागा, ५ वर्षं पूर्ण झालीत, तो तुमचा हक्क. बेसिक अधिक डीए १० हजार धरलं तर ७ वर्षांचे साधारण ४० हजार होतात.

प्रश्न : निपाणीत एका सौहार्द सोसायटीत (सहकारी पतसंस्थेत) क्लार्क आहे. आता म्हणतात शाखा सांभाळ, पगार सहा महिन्यांनी बघू. घेऊ का?
— वाचक, निपाणी

उत्तर : ऑर्डर हातात आल्याशिवाय तिजोरीची किल्ली घेऊ नका. शाखा सांभाळायची म्हणजे कर्जाच्या कागदावर सही तुमची आणि कॅश कमी भरली तर उत्तर पण तुम्हीच द्यायचं, ती जबाबदारी पहिल्या दिवसापासून असते, पगार मात्र सहा महिन्यांनी. सहा महिने थांबायला हरकत नाही, पण ऑर्डरमध्ये पद, कर्जमंजुरीची मर्यादा, पगाराचा आकडा आणि तो कुठल्या तारखेपासून, एवढं लिहून घ्या. "संचालक मंडळात विषय घेतो" म्हणाले तर ठराव होईपर्यंत क्लार्कच्याच खुर्चीवर बसा.