क्लृप्ती, युक्ती आणि राजाचा न्हावी

विचारणा अशी आहे : एका कार्यशाळेच्या पत्रकात 'समस्या सोडवण्याच्या सर्जनशील क्लुप्त्या' असं छापलंय, ते बरोबर आहे का? शिवाय 'क्लृप्ती'ला लबाडीचा वास येतो, तर सरळ 'तंत्र' म्हणावं का?

'क्लुप्ती' चूक. ऐकून ऐकून कान किटले. ऌ हा स्वर वर्णमालेत तग धरून आहे तो कॢप् या एकाच धातूच्या जिवावर, आणि त्याच धातूच्या शब्दातून आपण त्याला हाकलतो! 2009च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही ऌ आहे. पण छापताना आपण लिहितो ते 'क्लृप्ती', म्हणजे ल्‌ला ऋकार. ऌचं स्वतःचं चिन्ह (कॢ मधलं) सहसा कोणी वापरत नाही. पाट मांडला, ताट वाढायचं राहिलं.

आता कोशकार. क्लृप्ती म्हणजे युक्ती, युक्ती म्हणजे क्लृप्ती, झालं काम! अहो, युक्ती युज् धातूची, म्हणजे जोडणं. आणि कॢप्? धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, त्याला कृप् म्हणते आणि 'कृपू सामर्थ्ये', म्हणजे समर्थ असणं, एवढं सांगून मोकळी होते. पाणिनी 'कृपो रो लः' म्हणून र्‌चा ल् करून देतो. अर्थाची खरी मजा मनुस्मृतीत आहे : 'क्लृप्तकेशनखश्मश्रुः', केस, नखं, दाढी कातरलेला. कल्पनी म्हणजे कात्री. आणि कल्पक? न्हावी! अर्थशास्त्रात राजाच्या सुरक्षेची व्यवस्था सांगताना कौटिल्य म्हणतो, कल्पकांनी आंघोळ करून, स्वच्छ वस्त्रं नेसून, अंतःपुराच्या अधिकाऱ्याकडून मोहोरबंद हत्यारं घ्यावीत आणि मगच राजाला हात लावावा. 'आमची मुलगी फार कल्पक आहे' म्हणणाऱ्या आईबापांना हे सांगून पाहा.

माझं म्हणणं असं, की कातरून बेतात बसवणं हाच या धातूचा जीव आहे. संकल्प, विकल्प, कल्पना ही सगळी त्याचीच पोरं. 'कल्पना म्हणजे मोकाट भरारी' हे कार्यशाळावाल्यांनी पसरवलेलं खूळ. ॲलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरातवाल्याने ब्रेनस्टॉर्मिंगची रीत बसवली. तिच्यात सुरुवातीला टीका बंद, कल्पनांचा नुसता ढीग घालायचा. पण निवड पुढे असतेच. आपल्याकडे ढिगालाच 'विचारमंथन' म्हणून सगळे चहाला उठतात. बॉब एबर्लेच्या स्कॅम्पर या, नव्या कल्पना सुचवणाऱ्या प्रश्नांच्या यादीत तर 'जोडा' आणि 'काढून टाका' असे दोन वेगळे प्रश्नच आहेत. पहिला युक्तीचा, दुसरा क्लृप्तीचा. 1979चा सोनी वॉकमन घ्या. हातातल्या रेकॉर्डरमधून रेकॉर्डिंग काढलं, स्पीकर काढला. ही क्लृप्ती. हलका हेडफोन जोडला, ही युक्ती. हा फरक कुठल्याही कोशात मिळणार नाही, तो माझा आहे. पण व्युत्पत्ती माझ्या बाजूने आहे, आणि 'समानार्थी' एवढं लिहून हात झटकणाऱ्यांनी याहून बरं काही आणून दाखवावं.

शक्कल राहिलीच. ती अरबी 'शक्ल', म्हणजे आकार. मराठीत ती लढवतात, हा वेगळ्या चर्चेचा विषय.

हां, लबाडीचं. वास शब्दाला नाही, वापरणाऱ्याच्या हेतूला येतो. 'कर चुकवायची क्लृप्ती' म्हटलं की नाक मुरडायचं, 'गणित सोडवायची क्लृप्ती' म्हटलं की नाही. 'तंत्र' ठरीव पायऱ्यांसाठी ठेवा. पत्रकात 'क्लृप्त्या' बेलाशक छापा, फक्त ल्‌चा उकार खोडून.